संभाजीनगरात अडीच दिवस: कुठे खायचं, कोणता बाजार कधी गाठायचा?

घाटपायथा
जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चौघं येतोय. शुक्रवारी दुपारी पोचू, रविवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने परत मुंबई. शनिवारी वेरूळ-दौलताबाद ठरलंय. बाकीचा वेळ खाणं आणि बाजार, बस्स. आमच्यातल्या एक मावशी पक्क्या शाकाहारी, वय सत्तरीच्या पुढे; दोघांना तिखट चालत नाही. हॉटेलांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय, कधी आणि कोणत्या भागात, हे हवंय. शेतकऱ्यांकडून थेट भाजी-धान्य घेता येईल असा बाजार कुठला? परतताना काय नेता येईल? जाधववाडीचं नाव खूप ऐकलंय.

पैठणगेट
आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवा, म्हणजे रिक्षात दिवस जाणार नाही. स्टेशन दक्षिणेला. तिथून वर उस्मानपुरा, मग क्रांती चौक, पैठण गेट, औरंगपुरा, गुलमंडी. गुलमंडीच्या पुढे सिटी चौक आणि शहागंज, हे जुनं शहर. पूर्वेला सिडको, तिथे कॅनॉट. जाधववाडी सिडकोच्याही उत्तरेला. स्टेशनजवळ उतरणार असाल तर उस्मानपुरा ते गुलमंडी हा पट्टा हाताशी आहे, जाधववाडीसाठी मात्र वेगळी फेरी लागते.

जुन्या शहरात चारचाकी घालू नका. गुलमंडी-सराफा भागात संध्याकाळी पाच ते नऊ गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. पैठण गेटला उतरा आणि चाला.

ज्याची त्याची वेळ अशी: नहारी (मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा) सकाळी नवाच्या आत. इमरती सकाळी दहानंतर, कढई चालू असेल तेव्हा. नान-खलिया दुपारी. शीग (सळईवरचे कबाब) आणि भाजलेलं मटण रात्री आठनंतर. पान त्याच्याही नंतर, उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर रात्री उशिरापर्यंत गजबजलेलं असतं. वेळ चुकली की पदार्थ मिळतो, पण उरलेला मिळतो.

देग_आणि_भट्टी
नान-खलियाबद्दल नीट लिहितो, कारण बाहेरची मंडळी नान म्हटलं की पंजाबी नान समजतात.

आपल्याकडचं नान म्हणजे खमीर घातलेला मैद्याचा जाडजूड पाव. ताटलीएवढा गोल, वरून पिवळसर-तांबूस. हळदीचं आणि गुळाचं पाणी वरून फिरवतात म्हणून तो रंग येतो आणि किंचित गोडसर चव लागते. खोल भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजतात. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या तळावर जमिनीत खड्डे खणून अशी नानं भाजली जात, अशी इथली समजूत आहे. खरंखोटं इतिहासवाले बघतील, पण हजार माणसांना एका वेळी घालता येईल असंच हे जेवण आहे. लग्नात आजही देगच (मोठा हंडा) चढते.

खलिया म्हणजे पातळ रस्सा. सुकं खोबरं, खसखस, चारोळी, तळलेला कांदा, दही, आलं-लसूण आणि वर तर्री. दिसतो लालभडक, पण कोल्हापुरी रश्श्यासारखा झणझणीत नसतो. तुमच्यातल्या तिखट न खाणाऱ्यांनी तर्री बाजूला करून खालचा रस्सा मागायचा.

मागायच्या आधी एकच प्रश्न: "छोटे का है या बडे का?" छोटे म्हणजे बकऱ्याचं, बडे म्हणजे म्हशी-रेड्याचं. खलिया बऱ्याच ठिकाणी बडेचा असतो, पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही. विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट तेच रीतीचं आहे.

खायची पद्धत: नानाचा तुकडा तोडून रश्श्यात बुडवायचा आणि दोन-तीन श्वास थांबायचं. नान जाड, लगेच उचललं तर आतून कोरडं लागतं. फार वेळ ठेवलं तर लगदा.

शुक्रवार दुपारचं लक्षात ठेवा. जुम्म्याच्या नमाजाला साधारण एक ते दोन-अडीच बरीच हॉटेलं अर्धं शटर खाली घेतात. तुम्ही शुक्रवारी दुपारी उतरणार, म्हणून खलिया शुक्रवारी धरू नका. रविवारी दुपारी साडेबाराला जा. देग सकाळी एकदाच चढते, अडीच-तीनपर्यंत तळ दिसायला लागतो आणि तळाचा खलिया खारट-तेलकट होतो. बुढी लेन, रोशन गेट, चंपा चौक, शहागंज हा पट्टा धरा.

कढीपत्ता
मावशींसाठी एक सावधगिरी, देगवाल्यांनी लिहिली नाही म्हणून. दालचा नावावरून डाळीचा वाटतो, आहेही हरभऱ्याच्या डाळीचा आणि दुधी भोपळ्याचा, पण त्यात बहुतेक वेळा मटणाचे तुकडे किंवा हाडं शिजवलेली असतात. "व्हेज आहे ना?" एवढं विचारून भागत नाही, "गोश्त डाले क्या?" असं विचारा. तहरीचंही (मसालेभातासारखा प्रकार) तेच, भाजीची असते आणि मटणाचीही.

शाकाहारी दुपारचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा भरलं वांगं, ठेचा, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, ताक. क्रांती चौक आणि सिडकोकडे गुजराती-राजस्थानी थाळीची हॉटेलं आहेत, मावशींना ती सोयीची: बसायला नीट, तिखट कमी. पण मराठवाड्याची चव हवी असेल तर भाकरी मिळणारी साधी खानावळ शोधा. भाकरी तव्यावरून थेट ताटात येतेय की डब्यातून, ते बघा. डब्यातली भाकरी घाम धरते आणि कडा चामट होतात. "गरम टाका" म्हणालात तर दहा-पंधरा मिनिटं लागतील. लागू द्या.

येसर आमटी मिळाली तर सोडू नका. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. किराणा दुकानांत आणि बचत गटांच्या स्टॉलवर पाकिटं मिळतात, वजनाला हलकी, न्यायला उत्तम. चौघांसाठी तीन मोठे चमचे येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग लसणाच्या फोडणीत लिटरभर पाणी उकळलं की त्यात ओतायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठी होतात आणि त्या नंतर घोटूनही मोडत नाहीत. दहा मिनिटं उकळू द्या. पातळच असते ती. घट्ट केली की पिठलं झालं.

आडत_दुकान
आता जाधववाडी. स्पष्टच सांगतो, तुमच्यासारख्या पाहुण्यांना खरेदीसाठी जाधववाडी नाही.

ती बाजार समिती आहे, घाऊक. भाजीपाल्याचे लिलाव पहाटे सुरू होतात आणि उजाडून थोडा वेळ गेला की खरा खेळ संपतो. माल वक्कलाने, म्हणजे एकगठ्ठा विकला जातो. टोमॅटो कॅरेटने, म्हणजे साधारण वीस किलो. मेथी-कोथिंबीर शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्या. कांदा-बटाटा गोणीने. चार माणसांना अर्धा किलो वांगी हवी असतील तर आडत्या (दलाल) तुमच्याकडे बघणारही नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

बघायला मात्र जरूर जा, पण नियम पाळून. लिलावाच्या घोळक्यात मध्ये उभं राहू नका. ढिगाला हात लावू नका, बोलीच्या वेळी बोट वर गेलं तर गंमत होईल. हमाल पाठीवर पोतं घेऊन "बाजू" म्हणाला की लगेच बाजू, त्याला थांबता येत नसतं. चपला नको, बूट घाला, पालेभाजीच्या चिखलावर पाय सटकतो. मावशींना नेऊ नका.

माहिती म्हणून: २०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला शहरात कुठेही बसून थेट विकता येऊ लागलं आणि आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. शेतकरी आठवडे बाजारांना जोर आला तो त्यामुळे.

डहाळा
थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं तर रविवारचा जाफर गेटचा आठवडी बाजार. तुमच्या वारात बसतो. (छावणीचा गुरुवारी असतो, शेळ्या-गुरांसकट. तो तुमचा चुकेल.) सकाळी आठ-साडेआठला पोचा. अकरानंतर गर्दी, आणि पालेभाजीवर पाणी मारून मारून तिचा रंग गेलेला असतो. संध्याकाळी माल स्वस्त होतो हे खरं, पण रात्रभर गाडीत न्यायचा माल संध्याकाळचा घेऊ नये.

शेतकरी कोण आणि व्यापारी कोण, हे ओळखायचं कसं? पाटी काही सांगत नाही. समोरचा माल बघा. शेतकऱ्यापुढे दोन-तीनच जिनसा असतात आणि त्या एकाच हंगामाच्या: हरभऱ्याची भाजी, मेथी, थोडी वांगी. आकार लहानमोठे, मुळाला माती, जुड्या सुतळीऐवजी केळीच्या सोपटाने किंवा पातीनेच बांधलेल्या. ज्याच्यापुढे पंधरा जिनसा आहेत, त्यात ढोबळी मिरची आणि ब्रोकोलीही आहे, त्याने सकाळी जाधववाडीतून माल उचललाय. तोही वाईट नाही, पण भाव आणि ताजेपणा वेगळा. एक प्रश्न विचारा: "पेरा कधीचा?" शेतकरी तिथी नाहीतर पाऊस सांगतो.

वजन: इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर रिकाम्या पारड्यावर शून्य दिसतंय का बघा. बऱ्याच बायका वाट्यावर विकतात, म्हणजे ढिगावर. वाट्यात खालचा माल बघायला मागितला तर दाखवतात, उचकटू मात्र नका. सुटे पैसे ठेवा. मोबाइलवर पैसे घेतात, पण गर्दीच्या वेळी नेटवर्क रडतं.

जानेवारीत काय बघायचं:

हरभऱ्याची भाजी, म्हणजे कोवळे खुडलेले शेंडे. बोटाला आंबट-खारट लागली तर ती ताजी, आंब (पानावरचा आंबट अंश) असलेली. ती धुऊन मग चिरायची, पण फार चोळून धुतली तर आंब जाते आणि चवही.

करडईची भाजी, पानाला काटा यायच्या आत. पान दुमडल्यावर टोचलं तर जून झाली, घेऊ नका.

आंबट चुका, चाकवत, तांदुळजा, शेपू. तुरीच्या ओल्या शेंगा. डहाळे, म्हणजे घाट्यांसकट (शेंगांसकट) हरभऱ्याची रोपं. सोललेले दाणे ते सोलाणे. घाटे सोलायचा कंटाळा असेल तर सोललेले मिळतात, पण ते सकाळचेच घ्या, दुपारी आंबूस वास येतो. पेरू, बोरं. गावरान बोर लहान आणि आंबटगोड, मोठं हिरवं बोर दिसायला छान आणि चवीला पाणी.

पैठणगेट
> सकाळी आठ-साडेआठला पोचा

जानेवारीत आठला निम्मी पथारी मांडलेलीच नसते. थंडीत लोक उशिरा येतात. नऊ धरा.

डहाळा
शेंद्रा-करमाडकडचे लोक पहिल्या गाडीने येतात, ते आठलाच असतात आणि त्यांचाच माल लवकर संपतो. बाकीच्यांसाठी नऊ ठीक. म्हणजे साडेआठ, भांडण मिटलं.

गूळभेंडी
जानेवारीत येताय आणि हुरड्याचं अजून कोणीच बोललं नाही?

हुरडा म्हणजे दाणा दुधातून चिकात गेलेली रब्बी ज्वारी. एका शेतात ही अवस्था आठ-दहा दिवसच टिकते, म्हणून हुरडा पार्टीवाले थोड्या थोड्या अंतराने पेरतात. चांगल्या जाती: गूळभेंडी, सुरती, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी वसंत. साध्या मालदांडीचाही हुरडा होतो, पण दाणा कोंड्यातून सहज सुटत नाही आणि खाताना कूस (बारीक तुसं) घशाला लागते.

ओळख: दाण्यावर नख रोवा. पातळ पाणी आलं तर कोवळा, भाजल्यावर आकसून जाईल. दाट खिरीसारखं आलं तर बरोबर. काहीच आलं नाही, नख नुसतं उमटलं, तर त्याची भाकरी करा.

आगटी अशी असते: हातभर लांब, वीतभर खोल खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. धूर पूर्ण जाऊन निखारा पांढरा पडला की कणसं राखेत खुपसायची. तीन ते पाच मिनिटं, मध्ये एकदा फिरवून. मग गरम असतानाच तळहातावर चोळून, फुंकून. ज्वाळेवर धरलेलं कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. धुरकट वास आला म्हणजे गोवरी ओली होती किंवा माणसाला घाई होती. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, दही, गूळ. माणशी पावशेर पुरे होतो. त्यावर भरपेट जेवणाचा आग्रह करतील, मावशींना वाचवा. वर ताक प्या.

शनिवारी वेरूळच्या रस्त्याला हुरड्याच्या पाट्या दिसतात. सकाळी साडेनऊ-दहाला थांबा, दुपारी उन्हात आगटीजवळ बसवत नाही.

घाटपायथा
हुरडा घरी नेता येईल? रविवारी रात्रीची गाडी, सोमवारी सकाळी घरी.

गूळभेंडी
येईल, पण भाजलेला नेऊ नका. भाजून गरम गरम पिशवीत भरला की वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत आंबतो. कच्चे दाणे नाहीतर कणसंच न्या. दाणा तोडल्यापासून त्यातली साखर पिठात बदलत जाते आणि उबेत ते लवकर होतं, म्हणजे गारवा हीच गुरुकिल्ली. रविवारी दुपारी घ्या, तासभर हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवा, मग कापडी पिशवीत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, तळाला बर्फाची एक बाटली. घरी पोचल्या पोचल्या दाणे कोरडे करून पाव-पाव किलोच्या पिशव्या फ्रीझरला. खाताना बाहेर काढून वितळवत बसू नका, तसेच तव्यावर चमचाभर तुपात मीठ घालून परता.

बाजारात पिशवीबंद हुरडा मिळतो त्यात आतल्या बाजूला थेंब दिसले तर हात लावू नका.

आडत_दुकान
नेण्याजोग्या बाकीच्या गोष्टी, एकेक.

अद्रक. (आलं म्हणा, पण बाजारात अद्रकच म्हणा.) कन्नड, खुलदाबाद, फुलंब्री हा सगळा अद्रकीचा पट्टा. जानेवारीत भरपूर. धुतलेली चकचकीत घेऊ नका. धुताना साल खरचटते, तिथून बुरशी धरते. मातीची घ्या, तशीच कागदात ठेवा, लागेल तेवढी धुवा.

तूर डाळ. नवी तूर जानेवारीपासून यायला लागते. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजलेलं आहे, बीडीएन ७११ हा पांढरा वाण तिथलाच. डाळ घेताना चकाकी बघून भुलू नका, ती पॉलिशची. बिनपॉलिशची डाळ थोडी मळकट, हाताला पिठूळ. मात्र नवी डाळ पूर्ण वाळलेली नसेल तर डब्यात पोरकिडा होतो. दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. घरी नेऊन एक दिवस ऊन द्या.

ज्वारी. जानेवारीत रब्बीची नवी ज्वारी नसते, ती फेब्रुवारीअखेर-मार्चपासून. आता मिळेल ती गेल्या वर्षीची शाळू (रब्बीची) किंवा खरिपाची संकरित. खरिपाचा दाणा पावसात सापडला असेल तर काळपट टिकल्या असतात आणि भाकरी कडसर लागते. गेल्या वर्षीची मालदांडी किंवा परभणी मोती मागा. दाणा टपोरा, मोतिया, टणक. पीठ नका नेऊ, दाणे न्या. दळल्यावर पंधरा दिवसांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात.

कढीपत्ता
विरी गेलीच तर उकळत्या पाण्यात पीठ मळा. तीन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी उकळून, गॅस बंद करून पीठ टाका, दहा मिनिटं झाकण, मग हाताला सोसेल इतकं गरम असताना मळा. भाकरी निघते. चव थोडी कमी, पण निघते.

तागडी
थोडं विषयांतर. धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी इतर महिन्यांचं लिहून ठेवतो, दर वेळी तेच विचारलं जातं.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटच्या डोंगरातलं. फळ लहान, बिया जास्त, गोडी तिप्पट. दौलताबादच्या किल्ल्याखाली रस्त्यावर टोपल्या लागतात त्या त्याच हंगामात. घेताना डोळे (सालीवरचे फुगवटे) बघा: दोन डोळ्यांमधली खाच रुंद होऊन पिवळट-पांढरी झाली असेल तर फळ पक्व, दोन-तीन दिवसांत पिकेल. डोळे घट्ट आणि खाच हिरवी असेल तर ते आठवडाभर ठेवूनही पिकत नाही, नुसतं काळं पडून सुकतं. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवलं तरी तेच. देठ ठेवून घ्या. टोपलीत दोनच थर, मध्ये गवत किंवा कागद. पिकलेलं घेऊन प्रवास करायचा नाही, उतरताना नुसता गर उरतो.

मोसंबी, जालन्याची, तिलाही मानांकन. दोन बहार (फुलोऱ्याचे हंगाम): आंबिया बहाराची फळं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिवाळीच्या आसपास, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चपासून. म्हणजे तुमचा जानेवारी नेमका मधला. पिवळा रंग बघू नका, वजन बघा. दोन सारख्या आकाराची फळं दोन हातात घ्या, जड असेल ते रसाचं. सालीवर खडबडीतपणा जास्त म्हणजे साल जाड. शहागंजच्या फळबाजारात ढीग लागतात.

मे अखेर ते जून मराठवाडा केसर आंबा. हळद, वसमतची, मार्चनंतर बाजारात: हळकुंड मोडताना टणत्कार आला पाहिजे आणि आत गडद केशरी दिसलं पाहिजे. बाहेरच्या पिवळ्या पावडरीवर जाऊ नका, ती चोळलेली असू शकते. जानेवारीत ओली हळद मिळते, लोणच्याची.

आणि अजिंठ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वाटेत सिल्लोड लागतं. सिल्लोड-भोकरदन हिरव्या मिरचीचा भाग. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

पैठणगेट
इमरतीचं राहिलं. गुलमंडीवरचं उत्तम मिठाई भांडार, गावात कोणालाही विचारा. जिलबी आणि इमरती एक नाही. जिलबी मैद्याच्या आंबवलेल्या पिठाची. इमरती उडदाच्या डाळीची: डाळ भिजवून, वाटून, फेटून, फडक्याच्या भोकातून आधी गोल कडं आणि मग त्यावर पाकळ्या. फेटणं कमी पडलं की इमरती आत घट्ट राहते, पाक शिरत नाही. चांगली इमरती दाबली तर पाक सुटतो आणि सोडली की ती परत फुगते. गरमच खा. न्यायची असेल तर गार झाल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या डब्यात कोंडली की वाफ धरून मऊ पडते. दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी चामट.

देग_आणि_भट्टी
नानही नेता येतं, थंडीत दोन दिवस राहतं. हॉटेलातून नको, थेट भट्टीवरून घ्या. भट्टीवाला आणि खलियावाला बहुधा वेगळेच असतात. पूर्ण निवल्याशिवाय गुंडाळू नका, आणि गुंडाळायचं ते कापडात. प्लास्टिकमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला पांढरी बुरशी. घरी गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून मंद तव्यावर, एका बाजूला दोन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये टाकलं तर पाच मिनिटांत दगड होतो.

खलिया न्यायच्या भानगडीत पडू नका. तर्री गाडीत सांडली की डबाभर लोक तुम्हाला शिव्या देतील.

घाटपायथा
मग असं जमवतोय, चुकलं तर सांगा:
शुक्रवार: चारला मुक्कामी, सहाला पैठण गेट ते गुलमंडी पायी, इमरती, रात्री शीग खाणारे रोशन गेटला, मावशी थाळीला.
शनिवार: सकाळी साडेनऊ हुरडा, मग वेरूळ, उतरताना दौलताबाद, रात्री पान.
रविवार: पहाटे दोघं जाधववाडी बघायला, साडेआठला सगळे जाफर गेट, साडेबारा नान-खलिया, दुपारी हुरडा-अद्रक-येसर, रात्री गाडी.

आडत_दुकान
रविवारी जाधववाडीचा बेत करण्याआधी त्या रविवारी लिलाव आहेत का, हे आदल्या दिवशी रिक्षावाल्याला किंवा कुठल्याही भाजीवाल्याला विचारा. सण, अमावस्या, हमालांची सुट्टी, काहीही असू शकतं. नसेल तर शनिवारी पहाटे उरका.

कढीपत्ता
शनिवारी उलटा क्रम करा. हुरडा खाऊन दौलताबादचा किल्ला आधी, मग वेरूळ. किल्ल्याची चढण दुपारी चारला मावशींना जमणार नाही, आणि तशी त्यांनी खालूनच बघितलेली बरी. तेवढा वेळ पेरूच्या टोपल्या आहेतच. पेरू घेताना देठाजवळ दाबा, तिथे मऊ असेल तर आतून अळी लागलेली असायची शक्यता.

डहाळा
आणि हरभऱ्याची भाजी रविवारी सकाळी घेतलीत तर ओल्या फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या कागदात. ओलसरपणाने रात्रीत शेंडे काळे पडतात. अर्धा किलोच घ्या, शिजून वाटीभर होते असं वाटून लोक दोन किलो नेतात आणि मग निवडत बसतात.

घाटपायथा
हरभऱ्याची भाजी निवडायची असते? शेंडेच खुडलेले असतात ना?

डहाळा
असतात. तरी जाड काडी आणि गवत काढावंच लागतं. काडी नखाने तुटली तर ठेवा, वाकली तर फेका.